‘डक्ट क्लिअर’

ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण (स्कोप) घालून पित्तनलिकेवर करायचा उपचार, संपत आली की एक शेवटची फिल्म काढतात. खडा निघालेला असतो, शिशाचा अ‍ॅप्रन खांद्यावर जड झालेला असतो, पुढचा पेशंट बाहेर ट्रॉलीवर असतो. डॉक्टर पित्तनलिकेत बलून फुगवून खालची वाट बंद करतात, त्याच्या वर डाय सोडतात, सी-आर्मचं बटण दाबलं जातं आणि नलिकेचं पूर्ण चित्र पडद्यावर उमटतं. रिपोर्टात दोन शब्द पडतात, ‘डक्ट क्लिअर’. मग फिल्म पाकिटात, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटावर. पुढे खडा परत आला तर तो का आला, हे घरचे लोक चार ठिकाणी विचारत फिरतात. उत्तर बहुतेक वेळा कपाटावरच्या त्या पिशवीत असतं.

माझं आयुष्य क्ष-किरण विभागात गेलं. गाण्यातल्या जाणकाराला जागा कळतात तशा मला फिल्ममधल्या जागा कळतात, एवढाच माझा अधिकार. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण ही शेवटची फिल्म नीट वाचली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एक फिल्म सावकाश वाचून दाखवतो.

ती आहे पनवेलजवळच्या नावडे गावठाणातल्या एका आजींची. मुलानं पिशवीसकट आणून दिली, लिहायचं तर लिहा म्हणाला, नाव तेवढं नको. आजींची पित्ताची पिशवी दुर्बिणीच्या ऑपरेशननं काढून बरीच वर्षं झाली. पुढे कावीळ झाली, पित्तनलिकेत खडा निघाला, ईआरसीपी करून तो काढला. दोन पावसाळे बरे गेले. मग पुन्हा थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली कळ, आणि नलिकेत पुन्हा खडा. घराचा प्रश्न एकच होता: पिशवीच काढली, खडाही काढला, मग हा आला कुठून?

गावानं आपापली उत्तरं दिली होती. कुणी टोमॅटोच्या बियांवर आणि पालकावर ठपका ठेवला, कुणी कुळथाचं पाणी आणि पानफुटी सुचवली. हे सगळं मुतखड्याचं शास्त्र आहे. मूत्रपिंडाची वाट वेगळी, यकृताची वेगळी, आणि पित्तखडा बियांपासून होत नाही. आणखी एक उत्तर तळोज्याच्या एमआयडीसीचं. इथल्या हवेबद्दल आणि कासाडी नदीबद्दल लोकांची तक्रार खरी आहे. 2017 साली या परिसरातले काही कुत्रे कारखान्याच्या रंगानं निळे झाले तेव्हा साऱ्या देशानं ते फोटो पाहिले. पण आजींच्या नलिकेत खडा परत यायला नदीपर्यंत जावं लागत नाही, त्याची कारणं नलिकेतच लिहिलेली आहेत.

फिल्म हातात घेतली की नजर खड्याच्या जागेकडे धावते. तिला आवरायचं आणि आधी स्कोप बघायचा. पेशंट पोटावर झोपलेला असतो. तोंडातून अन्ननलिका, जठर आणि तिथून लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत स्कोप गेलेला असतो, म्हणजे फिल्मवर जाड पांढरा पट्टा. घाई असली, हात कच्चा असला तर जठरात त्याचं मोठं वेटोळं पडलेलं दिसतं. इथे ते नाही. स्कोप मागे खेचून, मनगटाला हलका पीळ देऊन सरळ केलेला आहे, आणि त्याचं टोक पित्तनलिकेच्या मुखासमोर, पॅपिलासमोर, स्थिर उभं आहे. हात कुणाचा आहे ते मला माहीत नाही, पण हात तयारीचा आहे. आजींच्या घरात एक शंका दबक्या आवाजात बोलली जात होती, की पहिल्या वेळी काम नीट झालंच नसेल. त्या शंकेविरुद्धचा पहिला पुरावा हा सरळ स्कोप.

दुसरा पुरावा डायचा. नवखा माणूस डाय घट्ट वापरतो, कारण चित्र झगझगीत येतं. पण रुंद नलिकेत घट्ट डाय भरला की छोटा खडा त्या पांढऱ्यात बुडून जातो. म्हणून मोठ्या नलिकेसाठी डायमध्ये सलाईन मिसळून तो पातळ करतात. या फिल्ममधला पांढरा रंग पातळ आहे, त्याच्या आरपार मणक्याच्या कडा दिसतात. इथे लपायला जागा ठेवलेली नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत आवडला. बलून फुगवून फिल्म काढली की बलूनच्या खालचा भाग चित्रात येतच नाही, कारण डाय वरच अडलेला असतो. नलिकेचं शेवटचं टोक असं न पाहता राहून जातं. आजींच्या पाकिटात याच क्रमातली आणखी एक फिल्म आहे. तिच्यात बलून अगदी मुखाशी ओढून आणलेला आहे आणि टोकापर्यंत डाय भरलेला आहे. कुणीतरी थांबून, मागे वळून बघितलं होतं. डायमध्ये कुठेही काळी पोकळी नाही. वरच्या फांद्यांत दोन-तीन काळे ठिपके आहेत, पण ते काठाला गुळगुळीत, पूर्ण गोल, आणि दुसऱ्या फिल्ममध्ये जागा बदललेले. ती हवा. खडा सहसा कोनेदार असतो आणि इतक्या सहज वर तरंगत नाही.

तेव्हा ‘डक्ट क्लिअर’ हे शब्द खरे होते. डॉक्टरी संकेतही असा आहे की स्वच्छ झाल्याचं ठरल्यापासून 6 महिन्यांच्या आत खडा सापडला तर तो बहुधा मागे राहिलेला धरतात, त्यानंतर सापडला तर नव्यानं झालेला. आजींचा खडा नवा होता. वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत असा खडा परत येण्याचं प्रमाण साधारण 4 ते 24 टक्के आलेलं आहे. एवढी मोठी तफावत का, याचं एक कारण म्हणजे सगळ्या नलिका सारख्या नसतात. तीच गोष्ट आता या फिल्ममध्ये बघू.

नलिकेची रुंदी मोजायला फिल्मवरच माप असतं. स्कोपची जाडी टोकाशी सुमारे 13 मिमी. क्ष-किरणांत सगळंच थोडं मोठं दिसतं, पण स्कोप आणि नलिका जवळपास सारख्याच प्रमाणात मोठ्या दिसतात, म्हणून एकाच्या मापानं दुसरी मोजता येते. आजींची नलिका स्कोपहून स्पष्ट रुंद आहे. हिशेब करून येते 18 मिमी. निरोगी माणसाची पित्तनलिका 6 ते 7 मिमी असते, वय वाढलं किंवा पिशवी काढली की थोडी सैलावते. 15 मिमीच्या पुढे गेलेल्या नलिकेत खडा परत येण्याचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नये, त्याच्याशी थोडं बसावं. यकृत दिवसाला साधारण 600 मिली पित्त करतं, म्हणजे तासाला 25 मिली, मिनिटाला आठेक थेंब. नलिकेची लांबी 8 सेंमी धरली तर 6 मिमीच्या नलिकेत पित्ताचा थेंब वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाचेक मिनिटांत पोचतो. रुंदी तिप्पट झाली की आडवा छेद नऊपट होतो, आणि पित्त तेवढंच असल्यामुळे वेग एक नवमांशावर येतो. त्याच थेंबाला आता पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. शरीरात हे इतकं सरळ नसतं, जेवणानंतर पित्ताचा लोट येतो, मधेच थांबतो, पण कागदावरचा हा हिशेब खोटा नाही. पहिल्या खड्यानं वर्षानुवर्षं अडून नलिका ताणली. खडा काढला तरी म्हातारपणी ती पूर्वीच्या मापावर येत नाही, तिचा ताण गेलेला असतो. खडा निघतो, त्यानं केलेली रुंदी मागे राहते.

रुंदीनंतर वळण. सरळ उतरणारी नलिका फिल्मवर जवळजवळ सरळ रेषेत दिसते. आजींची नलिका मधेच डावीकडे झुकून पुन्हा खाली वळते. मी फिल्मवर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही भागांच्या मधोमध रेषा काढल्या आणि शाळेतल्या कंपासातला कोनमापक लावला. कोन आला 135 अंश. सरळ रेषा 180 अंशांची. कोन 145 अंश किंवा त्याहून कमी असेल तर खडे परत येण्याचं प्रमाण वाढतं, असं ज्यांनी मोजलं त्यांना आढळलं. वळणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, पित्त मंदावतं. या फिल्मवर त्याच कोपऱ्यात डाय किंचित जास्त दाट आहे. किंचितच, पण एकदा दिसला की नजर तिथून हलत नाही. मी या चित्रातली एकच जागा कुणाला दाखवायची ठरवली तर ही दाखवीन.

वर, यकृताजवळ, धातूच्या चार बारीक रेघा आहेत. पित्ताची पिशवी काढताना लावलेल्या क्लिप. यांच्याकडे बघायलाच हवं, कारण कधी कधी वर्षांनंतर एखादी क्लिप जागा सोडून नलिकेत शिरते आणि तिच्याभोवती खडा धरतो. जुन्या उघड्या ऑपरेशनमधल्या रेशमी टाक्याचंही असं होतं. खडा फोडला की आत टाक्याचा धागा निघतो. आजींच्या दोन्ही वेळच्या फिल्मांत चारही क्लिप जागच्या जागी आहेत. हे कारण इथे नाही.

आता अशी गोष्ट जी क्ष-किरणांत दिसत नाही, स्कोपच्या कॅमेऱ्यात दिसते. पाकिटात रंगीत फोटोंचं एक पान आहे. पॅपिलाच्या शेजारी आतड्याच्या भिंतीला एक कप्पा पडलेला आहे, डायव्हर्टिक्युलम. हे उतारवयात बरेचदा आढळतं. आजींच्या बाबतीत पॅपिला कप्प्याच्या अगदी काठावर बसलेली आहे. अशा कप्प्यात अन्नाचे कण आणि जंतू साठून राहतात, आणि भरलेला कप्पा नलिकेच्या टोकावर दाब देतो. रिपोर्टात याबद्दल एक ओळ आहे, घरात कुणी ती वाचलेली नव्हती.

आणि मग मुख. खडा बाहेर काढायचा तर मुखाशी असलेला झडपेचा स्नायू कापावा लागतो. हा स्नायू रुग्गेरो ओड्डी या इटलीतल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं 1887 साली सविस्तर मांडला, त्याचंच नाव त्याला पडलं. स्कोपमधून तो कापून खडा काढण्याची पद्धत 1974 साली जर्मनीतल्या एर्लांगेनहून क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि जपानमधल्या क्योतोहून कावाई यांनी प्रसिद्ध केली. त्याआधी बहुधा पोट उघडावं लागे. या पद्धतीनं किती लोकांचं पोट वाचलं, किती जणांचा जीव वाचला, याला मोजमाप नाही. तिच्याविषयी बोलताना हे आधी म्हणायला हवं.

पण कापलेली झडप पूर्वीचं काम पूर्ण करत नाही. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही, कारण त्यानं खारभूमीच्या बांधातली उघाडी पाहिलेली असते. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीची झडप ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. उघाडी मोडली की दर भरतीला खारं पाणी आत येतं आणि पाणी ओसरलं तरी गाळ मागे राहतो. आजींना मी एवढंच सांगितलं. मुख मोकळं केल्याशिवाय खडा निघत नव्हता, पण मोकळ्या मुखातून आतड्यातलं पाणी आता वर चढतं. त्या म्हणाल्या, “मग गाळ तर बसणारच.”

दुसऱ्या आजारपणातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात याची साक्ष आहे. यकृताच्या डाव्या भागातल्या नलिकांमध्ये हवा, असं लिहिलंय. माणूस उताणा झोपला की डावा भाग वर येतो आणि हवा तिथे जमते. ही हवा आतड्यातून आली. ज्या वाटेनं हवा येते त्या वाटेनं जंतूही येतात. एकदा स्फिंक्टेरोटॉमी, म्हणजे झडप कापणं, झालं की पित्तात जंतूंचं कायमचं वास्तव्य होणं ही नेहमीची गोष्ट आहे, बहुतेकांना त्याचा काही त्रासही होत नाही. त्रास होतो तो जंतूंना थांबायला रुंद, वाकडी, सावकाश वाहणारी नलिका मिळते तेव्हा.

थांबल्यावर जंतू काय करतात, हे जपानमधल्या सेंदाई इथले तात्सुओ माकी यांनी 1966 साली मांडलं. बिलिरुबिन हा पित्ताचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून विरघळण्याजोगं करतं. ई. कोलाय जातीच्या जंतूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा जोड सोडवतं. सुटलेलं बिलिरुबिन पित्तातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि तळाला बसतं. दुसरं एक एन्झाइम पित्तातल्या लेसिथिनचे तुकडे करतं, त्यातलं पाल्मिटिक आम्लही कॅल्शियमशी बांधलं जातं. वर श्लेष्म्याचा चिकटा. यकृतानं दिवसभर घेतलेली मेहनत जंतू नलिकेच्या एका कोपऱ्यात बसून उलटी करतात. माकींची ही मांडणी वाचली तेव्हा फिल्मवरच्या कितीतरी पोकळ्या मला पहिल्यांदा समजल्या.

आजींचा दुसरा खडा मी प्रत्यक्ष पाहिला. मुलानं तो छोट्या बाटलीत जपून ठेवला होता. तपकिरी, लांबट, एका बाजूला चपटा, जिथे होता त्या जागेचा आकार घेतलेला. परवानगी घेऊन ब्लेडनं उभा कापला. ब्लेडला विरोध नाही, दोन बोटांत दाबला की चुरा. आत थर दिसले, गडद तपकिरी, मग फिकट पिवळसर, मग पुन्हा गडद. गडद थर बिलिरुबिनचे, फिकट चरबीच्या क्षाराचे. मधोमध क्लिप नाही, धागा नाही, फक्त आणखी तपकिरी चुरा.

पित्ताच्या पिशवीतला कोलेस्टेरॉलचा खडा असा नसतो. तो टणक, पिवळसर, कापला तर आत चकाकणाऱ्या काड्या केंद्रापासून बाहेर गेलेल्या. काळे, कडक, बारीक खडे तिसऱ्या जातीचे. रक्तातल्या तांबड्या पेशी फार लवकर फुटत राहिल्या की ते पिशवीत होतात. सिकल सेलच्या रुग्णांत, म्हणजे आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या लहान मुलांतही ते सापडतात. त्या खड्याचं मूळ रक्तात असतं. आजींच्या तपकिरी खड्याचं मूळ नलिकेत. म्हणून ‘पिशवी काढली मग खडा कुठून’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हा खडा पिशवीतून आलाच नव्हता. आणि म्हणूनच पित्त पातळ करायची म्हणून जी गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, त्या युरसोडिऑक्सिकोलिक आम्लाकडून इथे फार आशा धरू नये. ते कोलेस्टेरॉल विरघळवतं. कॅल्शियम बिलिरुबिनेट त्यानं विरघळत नाही.

मग झडप न कापता खडा काढता येत नाही का? येतो, लहान बलूननं मुख ताणून. जपानमधल्या एका तुलनेत, जी 2010 साली प्रसिद्ध झाली, 282 रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. झडप कापलेल्यांत पुढे पित्तमार्गाच्या तक्रारी 25 टक्क्यांना झाल्या, फक्त ताणलेल्यांत 10.1 टक्क्यांना. झडप राखण्याचा फायदा इतका स्पष्ट. पण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ताणलेल्या गटातले दोन रुग्ण स्वादुपिंडाच्या दाहानं दगावले. न कापलेलं मुख ताणलं की सुजतं, आणि स्वादुपिंडाची वाट त्याच मुखाशी उघडते. दहा वर्षांनी येऊ शकणारा खडा टाळायचा म्हणून उद्याचा जीव धोक्यात घालायचा का, हा प्रश्न डॉक्टरांना टेबलाशी उभं राहून सोडवावा लागतो. खडा परत आला म्हणजे कुणीतरी हलगर्जी केली असं जे पटकन म्हणतात, त्यांनी हे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघावेत.

मोठ्या खड्यांची अडचण आणखी निराळी. मोठा खडा आत चिरडून काढला तर बारीक कण मागे राहतात आणि त्यातला एखादा कण पुढच्या खड्याचं केंद्र होतो. मुंबईचं या विद्येतलं योगदान इथे आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असावं. डॉ. अमित मायदेव यांनी आधी झडप थोडी कापून मग मोठ्या बलूननं मुख रुंद करण्याचा आपला अनुभव 2007 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. असं केलं की मोठा खडा पुष्कळदा न चिरडता सबंध बाहेर येतो. नलिकेच्या आत बारीक कॅमेरा घालून, खडा डोळ्यांनी बघत लेसरनं फोडण्याचं त्यांचं काम 2011 साली प्रसिद्ध झालं. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेरा आत गेल्यापासून आमच्या फिल्मचा मान थोडा कमी झाला, आणि ते योग्यच झालं. डायनं झाकलेला कण डोळ्याला दिसतो.

आजींना दुसऱ्या वेळी मुख मोठ्या बलूननं रुंद केलं, खडा सबंध काढला आणि नलिका सलाईननं पुष्कळ वेळ धुतली. तिसऱ्यांदा खडा आला तर? एकदा परत आला की पुन्हा येण्याची शक्यता आधीपेक्षा वाढते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी अशा पेशंटांची नलिका ठरावीक काळानं, त्रासाची वाट न बघता, धुऊन देतात. वय आणि तब्येत साथ देत असेल तर नलिका कापून आतड्याला रुंद जोडण्याचं ऑपरेशन असतं. कुणासाठी काय, हे रुंदी, वळण आणि कप्पा बघून ठरतं. म्हणजे पुन्हा फिल्म.

आजींच्या फिल्ममध्ये नसलेल्या दोन गोष्टी तरीही सांगतो, कारण त्या मी दुसऱ्यांच्या फिल्मांत फार पाहिल्या. पहिली म्हणजे विसरलेला स्टेंट. खडा एका बैठकीत निघाला नाही की प्लास्टिकची नळी घालून पित्ताला वाट करून देतात. ती साधारण 3 महिन्यांत काढायची किंवा बदलायची असते. कावीळ उतरते, माणूस जेवायला लागतो, कामावर जातो, आणि नळी राहून जाते. वर्षा-दोन वर्षांनी फिल्म काढावी तर स्टेंटची रेघ दिसते आणि तिच्या वरच्या टोकाभोवती पोकळी, म्हणजे नळीवरच खडा धरलेला. इतका टाळता येण्याजोगा खडा दुसरा नाही.

दुसरी गोष्ट आत राहिलेल्या पिशवीची. नलिकेतला खडा काढला, पण पित्ताच्या पिशवीत खडे तसेच आहेत, आणि घरचे म्हणतात, आता बरं आहे, ऑपरेशन पुढे बघू. नेदरलँड्समधल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचे दोन गट केले होते. पिशवी काढलेल्यांत 2 टक्क्यांना पुन्हा पित्ताचा त्रास झाला, थांबून बघणाऱ्यांत 47 टक्क्यांना. शस्त्रक्रिया झेपण्याजोगी तब्येत असेल तर इथे थांबून बघण्यात शहाणपण नाही.

तपकिरी खडा दोन वर्षांनी येईल, दहा वर्षांनी येईल किंवा कधीच येणार नाही. फिल्म तारीख सांगत नाही. पण 18 मिमीची नलिका, 135 अंशांचा कोन, काठावरचा कप्पा, आणि उघडं मुख, हे चारही पहिल्या ‘डक्ट क्लिअर’ फिल्मच्या दिवशीच तिथे होते. त्या दिवशी कुणी आजींच्या मुलाला समोर बसवून हे दाखवलं असतं तर दुसऱ्यांदा कळ आली तेव्हा घरानं तिला ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून दोन दिवस घालवले नसते.

तुमच्या घरात कुणाची ईआरसीपी झाली असेल तर पिशवी कपाटावरून खाली काढा. फिल्म किंवा सीडी, रिपोर्ट आणि रंगीत फोटोंचं पान एकत्र ठेवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नलिकेची रुंदी किती, वळण आहे का, शेजारी कप्पा आहे का, आत स्टेंट आहे का आणि असेल तर कधी काढायचा, हे विचारून रिपोर्टाच्या पाठीवर लिहून घ्या. थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा आणि उजव्या बरगडीखाली दुखणं या तीन खुणा फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1877 साली सांगितल्या. अडलेल्या नलिकेत जंतू वाढल्याच्या त्या खुणा आहेत, आणि म्हाताऱ्या माणसात तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. ईआरसीपी झालेल्या माणसात यातली एक जरी दिसली तरी सकाळची वाट बघू नका. नावडे रोडला दिवा-पनवेल मार्गाच्या गाड्या मोजक्याच थांबतात, रात्री तर वाहनच करावं लागतं. ते त्याच रात्री करा, आणि फिल्मची पिशवी बरोबर घ्या.